बिनगेटची भिंत

"एक मिनिट, मॅडम... माझं शहर जळतंय."

ज्ञानदीप माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे. ना नाव, ना नमस्कार.

लाईट गेली होती. इंदूरच्या तुकोगंजातल्या एका तळघरात आमचा कॉम्प्युटर क्लास होता. यूपीएस टीं-टीं करायला लागला होता आणि मी नेहमीसारखी या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे पळत होते — "सेव्ह करा! सेव्ह करून बंद करा!" बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, कधी मान टाकतील याचा नेम नाही. मशीन धाडकन बंद पडली की बिघडते, बिघडली की विजय सर ओरडतात. क्लास विजय सरांचा. येईल त्याला ते सांगायचे, "बाकी लोग टेंशन फ्री में लेते हैं. संबोधी मॅडम को मैं टेंशन लेने की तनखा देता हूँ."

सगळे उठले. कोपऱ्यातला हा एकटा उठेना.

"भिया, उठा ना! बॅटरी कधीपण बसेल!"

"एक मिनिट म्हटलं ना."

मी त्याचं बटण दाबायला हात पुढे केला... आणि हात तसाच राहिला.

पडद्यावर एक गाव होतं. नखाएवढी छपरं, त्यातली काही पेटलेली. धूर. इवलीइवली माणसं सैरावैरा पळत होती. आणि रस्त्याच्या मधोमध एक बाई, डोक्यावर घागर घेऊन, अगदी शांत उभी.

"ही का थांबलीये?"

"कोण?"

"ही! घागरवाली! समोर घर जळतंय नि ही उभीच आहे!"

"तिला मी काम दिलेलं नाही."

"मग द्या ना काम! विहीर कुठाय तुमची?"

तो हळूच म्हणाला, "विहीर... नाही बांधली. आधी फौज बांधली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही फौज बांधली?"

"मॅडम, गेम आहे तो."

"मग काय झालं!"

यूपीएसनं एक लांब सूर काढला आणि सगळं विझलं. इमर्जन्सी लाईटच्या फिक्कट उजेडात त्या काळ्या काचेत दोन चेहरे दिसत होते. एक माझा, तोंड उघडं. दुसरा त्याचा. तो हसत होता. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

'गेम खेलना सख्त मना है' ही पाटी त्याच्या डोक्यावरच होती. मीच लावलेली, माझ्याच अक्षरात.

*

तो नाशिकचा. सांवेर रोडवरच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. कंपनीनं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकायला पाठवलेला, संध्याकाळच्या बॅचला. कडक इस्त्रीचा शर्ट, पण एका बाहीचं बटण वेगळ्याच रंगाचं. म्हणजे घरात बटण लावून देणारं कोणी नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवलं होतं. मला सगळं दिसतं. हा गुण आहे की आजार, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"आपण इथं बऱ्याच वर्षांपासून आहात का?" त्यानं विचारलं.

"आपण कोण? मी का?"

"हो, म्हणजे तुम्ही."

"मग तुम्ही म्हणा ना यार. 'आपण' म्हटलं की वाटतं, माझ्यामागे अजून कोणी उभं आहे."

"तुमची मराठी फार... वेगळी आहे."

"तुमची पुस्तकातली आहे. आमची चलती-फिरती."

"आणि मला भिया म्हणू नका, प्लीज."

"इंदूरमध्ये सगळे भिया असतात. दूधवाला भिया, टेंपोवाला भिया, बँकेचे मॅनेजर भिया."

"मला त्या सगळ्यांच्या रांगेत नाही उभं राहायचं," तो म्हणाला, आणि लगेच पडद्याकडे वळून भलत्याच गोष्टीवर क्लिक करत बसला. कान मात्र लाल झाले होते. टिपून ठेवलं.

ड्रॉइंगचा सराव संपला की तो गेम उघडायचा. मी त्याला हटकायला जायचे नि तिथंच उभी राहायचे. खेळ साधा होता. एक मोकळं रान आणि मूठभर माणसं मिळतात. लाकूड तोडायचं, शेत पेरायचं, घरं, विहिरी, कोठार, बाजार उभा करायचा. पण वेळ थांबत नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी तिकडं पोटं रिकामी होत असतात, आणि कुठून ना कुठून शत्रू निघालेला असतो. माणसं उपाशी राहिली की त्यांच्या डोक्यावर एक छोटी लाल वाटी लुकलुकायला लागते.

मला वाटलं, यात नवीन काय? बाबांची कापडाची मिल बंद झाल्यापासून आमच्या घरी हेच चाललंय.

"घरं कोठारापासून लांब का बांधली? बाया किती चालणार?" मी मागून म्हणायचे. "शेताच्या कडेला तबेला? घोडे खातील ना सगळं!" "ती घागरवाली परत रिकामी उभी आहे बघा..."

एके दिवशी तो खुर्चीवरून उठला. "बसा."

"मी? छे! पाटी वाचली नाही का?"

"वाचली. अक्षर छान आहे."

मी बसले.

*

माझं शहर वेगळं होतं. आधी विहीर. मग कोठार. मग दुसरं कोठार, पहिल्याला काही झालं तर. मग दवाखाना. आणि मग सगळ्याभोवती भिंत. जाड, दगडी, चारी बाजूंनी.

"फौज?" तो विचारायचा.

"कशाला? भिंत आहे ना."

"तुमचे आजोबा महूला फौजेत होते म्हणालात."

"हो. आणि ते सांगायचे, फौजेत सगळ्यात मोठं काम लंगरचं. पोटात नाही तर बंदूक कोण उचलणार?"

तो हसला. मग पडद्याजवळ वाकला. मग आणखी जवळ. साबणाचा वास आला, आणि खाली कुठंतरी मशीनच्या तेलाचा. मी श्वास रोखून घागरवालीकडे बघत राहिले.

"संबोधी मॅडम... तुमचे लाकूडतोडे बाहेर उभे आहेत."

होतेच. खांद्यावर ओंडके घेऊन भिंतीला नाक लावून उभे होते बिचारे.

"थांबा." मी भिंतीचा एक तुकडा पाडला. माणसं आत आली. तुकडा परत बांधला. सकाळ झाली, परत पाडला, माणसं बाहेर गेली, परत बांधला.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही... रोज भिंत पाडता?"

"हो."

"गेट बसवायचं ना! इथं खाली आहे, गेटचं चित्र. एकदा बसवलं की माणसं आपली आपण ये-जा करतात."

"माहितीये."

"मग?"

"मला गेट नाही आवडत."

पुढं त्यानं विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्या भिंतीचा तुकडा पडायची वेळ झाली की शेजारून आवाज यायचा, "मॅडम, तुमची शिफ्ट सुटली."

*

"एकदा माझ्याशी खेळा," तो एकदा म्हणाला. दोन मशीन वायरनं जोडल्या की एकाच रानात दोघांची दोन शहरं होतात, मध्ये नदी.

"तुमच्याशी, की तुमच्याविरुद्ध?"

"खेळात विरुद्धच असतं."

आणि बाहेर? — हे मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, तिथून परत पाठवलं.

शेजारी-शेजारी बसलो. मध्ये त्यानं आणलेली शेवेची पुडी. इंदूरला आल्यावर शेव चहाबरोबरपण खातात हे बघून तो हबकला होता, आता आपणच विकत आणायला लागला होता. दोघांचा हात एकदम पुडीत जायचा... आणि दोघं एकदम मागे घ्यायचो. शेव तशीच राहायची.

तो घोडदळ घेऊन निघाला. नदी ओलांडून माझ्या भिंतीपाशी आला. पण फौजेच्या नादात नेहमीसारखी शेती विसरलेला. मी तिरक्या नजरेनं त्याच्या पडद्याकडे बघितलं. त्याच्या सगळ्या घरांवर लाल वाट्या! बायांच्या डोक्यावर, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर. माझ्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या घोडेस्वारांच्या डोक्यावरसुद्धा.

मी कोठारातून धान्याची गाडी भरली. बाजारातून दुसऱ्या शहराला माल पाठवता येतो. गाडी निघाली, भिंतीपाशी आली, थांबली.

मी भिंत पाडली.

तो माझ्या पडद्याकडे वाकला.

"तुम्ही भिंत पाडली," तो म्हणाला.

"मग गाडी बाहेर कशी जाणार?"

"पण समोर माझे घोडेस्वार उभे आहेत."

"हो ना. उपाशी."

"संबोधी मॅडम, मी तुमच्यावर हल्ला करायला आलोय."

"खाऊन करा."

मला यात काही विशेष केलं असं वाटलं नव्हतं. मिल बंद झाली तेव्हा आमच्या चाळीत असंच चालायचं. ज्याच्याकडे भाजी झाली तो वाटी पुढच्या घरी पाठवायचा, मग त्या घराशी नळावरून भांडण का असेना. भांडण नळावर, वाटी दारात.

गाडी त्याच्या घोड्यांच्या मधून डुगडुगत निघाली. घोडे बाजूला झाले. त्यानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता, आणि पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. काचेत दिसत होतं मला.

"आता आत शिरलो तर मी जिंकतो," तो म्हणाला.

"मग शिरा ना."

"कसा शिरू?"

"ये क्या चल रहा है?" मागून विजय सर!

मी ताडकन उठले. "नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल, सर."

सरांनी पडद्याकडे बघितलं. "नेटवर्किंग में घोड़े कब से आने लगे?"

आम्ही दोघं पाटीकडे बघत राहिलो. सरांनी पाटीकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बसले. "मॅडम, पूरी दीवार तोड़ दी? अरे, एक गेट तो लगाओ!"

ज्ञानदीपचे खांदे परत हलायला लागले.

*

त्या संध्याकाळी हिवाळ्यात नको तेव्हा येतो तसा मावठ्याचा पाऊस आला. क्लास बंद करून आम्ही जिन्याखाली अडकलो. टेंपो दिसेना. त्याची स्कूटर समोर भिजत होती.

"सोडू का घरी?"

"नको. चाळीत सगळे विचारतील."

"काय सांगाल?"

"तेच तर ना! काय सांगणार?"

त्यानं स्कूटरची किल्ली परत खिशात टाकली. पावसाचे थेंब जिन्याच्या लोखंडी कडेवरून एकेक करून पडत होते. "एक विचारू? गेट का आवडत नाही?"

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. चाळीत सांगायची गरज नव्हती आणि कॉलेजात सांगायची लाज. त्याला सांगितलं.

"बाबा मिलमध्ये होते. मी बी.एस्सी.ला होते तेव्हा. सकाळी डबा घेऊन गेले, आणि गेटला कुलूप. नोटीस चिकटवलेली. सगळे बाहेर उभे राहिले, डबे घेऊन. भोंगा होईल म्हणून वाट बघत. बाबा अजून जातात. रोज सकाळी. तिथल्या निंबाखाली बसतात, दुपारी येतात." मी पदर उगाच पिळला. तो ओला नव्हता. "गेट असलं ना, की कोणीतरी ते बंद करतं. भिंतीचं बरं असतं. भिंत बंदच असते. तिच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही."

मला वाटलं तो काहीतरी समजुतीचं बोलेल. पुस्तकातलं, 'आपण' घालून. तो एवढंच म्हणाला, "डब्यात काय असायचं?"

"काय?"

"बाबांच्या डब्यात. त्या दिवशी."

"...मेथीची भाजी. मीच केली होती. मीठ जास्त पडलं होतं. मला किती दिवस वाटायचं, त्यामुळेच काहीतरी झालं."

तो हसला नाही. अजिबात हसला नाही. खिशातून रुमाल काढून माझ्या बाजूच्या कठड्यावर ठेवला आणि पावसात स्कूटर पुसायला निघून गेला. रुमालाशिवाय.

*

पुढच्या आठवड्यात बाबा जेवताना म्हणाले, "आज गेटवर एक पोरगा आला होता यार. नाशिकचा. गजब सभ्य. मला 'आपण' म्हणत होता. मी मागे वळून बघितलं, कोण आहे म्हणून."

माझा घास घशात अडकला.

"चहा पाजला त्यानं सगळ्यांना. मशीनींबद्दल काय काय विचारत होता. लूम कसं चालायचं, भोंगा कोण वाजवायचा. मग मीच विचारलं, लग्न झालं का? तर म्हणाला, नाही, समोरच्यांनी भिंत बांधली आहे. मी म्हटलं, तर गेटमधून जा! म्हणाला, गेटच नाही."

"गेट नाही?" आईनं पोळी लाटता लाटता विचारलं.

"तेच मी म्हटलं! बिनगेटची भिंत कोण येडा बांधतो?"

"पाणी दे गं तिला," आई म्हणाली, कोणाला कोण जाणे. घरात देणारी मीच होते आणि ठसका मलाच लागला होता. आईनं माझ्याकडे बघितलं. ही बघण्याची सवय मला कोणाकडून आली, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. "तुम्ही बाबांना भेटलात?"

"चहा प्यायला थांबलो होतो. रस्त्यात लागतं."

"सांवेर रोडला जाताना आमची मिल रस्त्यात लागत नाही! मुद्दाम वळावं लागतं."

"वळलो."

"आणि येडी कोणाला म्हणवलंत?"

"मी नाही म्हटलं. ते नथूजींचं मत आहे." नथूजी! माझ्या बाबांना जग नथू म्हणायचं. नथू भिया, ओ नथू, नथ्या. 'जी' कोणी लावलं नव्हतं. मला भांडायचं होतं, पण भांडण तिथंच राहिलं. मी जाऊन लाकूडतोड्यांना आत घेतलं.

तो रोज सकाळी वळायला लागला. बाबा हल्ली दाढी करून जायला लागले होते.

*

आणि मग एक दिवस, खेळताना, पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मला कंपनी पुण्याला बोलावतेय. तिथं नवीन प्लँट टाकलाय, परदेशी पार्टनरबरोबर. मोठी संधी आहे म्हणतात."

"अच्छा," मी म्हणाले.

"महिनाअखेर जायचंय."

"छान."

"तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं? मला वाटत होतं की तळघराचं छत खाली येतंय. मला वाटत होतं, बघ, सांगितलं होतं ना. मला वाटत होतं की मेथीत परत मीठ जास्त पडलंय. हातानं मात्र मी पहिल्या भिंतीच्या बाहेर दुसरी भिंत बांधत होते.

तो बराच वेळ ती भिंत वर चढताना बघत राहिला. "समजलं," म्हणाला. उठला. शेवेची पुडी तशीच राहिली.

नंतर तो आला नाही. त्याचा कोर्स संपतच आला होता. मी रोज संध्याकाळी जिन्यावरची पावलं ऐकायचे. चप्पल — विजय सर. सँडल — टायपिंगवाल्या मुली. बूट — वीजबिलवाला. घरी बाबा म्हणायचे, "नाशिकवाला आज पण आला होता. उतरलाय यार. चहात शेव पण नाही घातली." आई पोळी उलटायची आणि मला बघायची.

मी भिंतीच्या आत होते, एकदम सुरक्षित. जेवण जात नव्हतं.

*

सर्टिफिकेट घ्यायला तो आला त्या संध्याकाळी क्लासमध्ये फक्त आम्ही दोघं होतो. विजय सरांनी मला सही करून सर्टिफिकेट ठेवायला सांगितलं होतं आणि स्वतः, जाताना जिन्यावरून ओरडून, पाटी उलटी करून ठेवायला सांगितलं होतं. "आज प्रॅक्टिकल का आखरी दिन है ना, मॅडम!"

"उद्या सकाळची गाडी आहे," ज्ञानदीप म्हणाला. सर्टिफिकेटची गुंडाळी करत होता, उलगडत होता.

"बाबांना भेटलात?"

"भेटलो. त्यांनी डबा दिलाय." तो थोडा हसला. "मेथी आहे."

सकाळी ती भाजी मीच केली होती. बाबा म्हणाले होते, जरा जास्त कर. का, ते सांगितलं नव्हतं.

"शेवटचा डाव?" मी विचारलं.

आम्ही आमचं जुनं रान उघडलं. नदीच्या पलीकडे त्याचं शहर. आता तिथं विहिरी होत्या! कोठारापासून घरं जवळ होती. तबेला शेतापासून लांब. एकही लाल वाटी नाही.

"हे कधी केलं?"

"तुम्ही बाकीच्यांना शिकवत असायचात तेव्हा. मागून कोणी ओरडत नव्हतं, म्हणून मीच माझ्यावर ओरडत होतो."

माझ्या बाजूला दोन भिंती. बाहेर लाकूडतोडे, खांद्यावर ओंडके. मी भिंत पाडायला हात नेला —

आणि लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. टीं-टीं-टीं.

"सेव्ह करा," तो म्हणाला. "बंद करायला हवं ना?"

"एक मिनिट!"

माझा हात खाली गेला. त्या चित्रावर, ज्यावर मी कधी बोट ठेवलं नव्हतं. भिंतीच्या आत रिकामं कोणी नव्हतं... एकटी ती. घागर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. मी तिला उचलून नदीच्या बाजूला पाठवलं. तिनं घागर खाली ठेवली आणि हातोडा घेतला.

"मॅडम, बॅटरी बसेल. मशीन बिघडेल."

"बिघडू द्या!"

हे मी बोलले. मी, संबोधी, टेंशनचा पगार घेणारी.

ठक, ठक, ठक. एका बाईनं दगडी भिंतीत गेट बसवायचं म्हणजे केवढा वेळ लागतो! काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. यूपीएस जोरात ओरडायला लागला. तो माझ्या खुर्चीमागे आला, खुर्चीची पाठ धरून वाकला. आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत होतो, आणि मी मोठ्यानं बोलत होते, "चल ना गं बाई, चल ना, थोडंच राहिलंय..." आतली भिंत झाली. ती बाहेरच्या भिंतीकडे पळाली.

"दोन भिंती कशाला बांधल्यात!" तो कळवळून म्हणाला.

"तुम्ही पुण्याला चाललात म्हणून!"

ठक. ठक.

गेट झालं. लाकडी, कमानीचं, दोन्ही दारं सताड उघडी. पहिला लाकूडतोड्या ओंडका घेऊन आत शिरला —

सगळं काळं.

काचेत दोन चेहरे. या वेळी माझं तोंड मिटलेलं होतं, त्याचं उघडं.

"बघितलंत?" मी विचारलं.

"बघितलं."

"काय बघितलंत?"

"गेट."

"कुठल्या बाजूला?"

"माझ्या."

"हं."

"सेव्ह केलं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही बघितलं ना... बस."

वर रस्त्यावरून टेंपो गेला, सगळ्या खुर्च्या हलल्या. तो अजून खुर्चीची पाठ धरून होता.

"संबोधी," तो म्हणाला. मॅडम गळून पडलं होतं. "उद्या जावं लागेल मला. पण मी येईन. दर वेळी येईन. आणि मग तुला... म्हणजे, आपण..."

"आपण कोण?"

"आपण दोघं. या वेळी दोघंच."

माझ्या डोळ्यांसमोर निंबाखालची माणसं आली. कुलूप आलं. भीती कुठं गेली नव्हती, शेजारीच बसली होती, शेव खात. "आणि बंद झालं तर?" मी विचारलं. "गेट?"

त्यानं विचार केला. खरंच केला. उगाच 'कधीच नाही होणार' म्हणाला असता, तर मी दिवे आल्यावर घरी निघून गेले असते.

"तर बाहेर बसून चहा पिऊ," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी जागा धरून ठेवलीये."

मी हसले. मग रडले. मग त्याचाच रुमाल पर्समधून काढला; त्याला दिला नाही, मीच वापरला.

*

गेट बंद झालं, ते सांगायला हवं. पुण्याचा तो प्लँट लग्नानंतर थोड्याच काळात परदेशी पार्टनरनं गुंडाळला. नोटीस लागली त्या सकाळी मी पोटुशी होते, आणि खिडकीतून याला डबा घेऊन परत येताना बघितलं. मी खाली धावले. त्यानं हात वर करून सांगितलं, "पळू नकोस! चहा टाक."

चहा प्यायलो. इंदूरला परतलो. तो परत सांवेर रोडला, मी परत विजय सरांकडे, अर्ध्या दिवसाची. बाबा निंबाखाली आता नातीला घेऊन बसतात. ती तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नात आहे.

ती रांगायला लागल्यापासून मला झोप नाही. जिना आहे, पाण्याची बादली आहे, गॅस आहे, विजेचा बोर्ड तिच्या उंचीवर आहे. परवा मी म्हटलं, "मला खोलीच्या दारात आडवी फळी हवी. उंच. मजबूत. आजच्या आज."

यानं रविवारभर रंधा मारला. फळ्या ठोकल्या, स्क्रू पिळले, हलवून बघितलं. मी आत बाळाला घेऊन उभी राहून सूचना देत होते — खालची फट कमी कर, खिळ्याचं टोक बघ, अजून एक फळी लाव. काम झालं. पोरीनं येऊन दोन्ही हातांनी धक्का दिला. हललंसुद्धा नाही. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला.

"दूध!" मी ओरडले आणि धावले... आणि फळीला आपटून थांबले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कडी नाही, बिजागरी नाही, काही नाही.

"अरे, याला दार कुठंय?"

तो पलीकडे स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता. चेहरा अगदी गरीब. पण खांदे हलायला लागले होते.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुला आवडत नाही."